हॉवर्ड हेड

हॉवर्ड हेड (जन्म : फिलाडेल्फिया, ३१ जुलै १९१४, मृत्यू : बाल्टिमोर, ३ मार्च १९९१) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व उद्योजक होते. धातूचे पत्रे व लाकूड यांच्या थरांची, व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेली स्की आणि मोठ्या चौकटीची टेनिस रॅकेट हे त्यांचे दोन प्रमुख शोध होत. त्यांनी स्थापन केलेली 'हेड' ही कंपनी आणि त्यांनी नावारूपास आणलेली 'प्रिन्स' ही कंपनी, या दोन्ही नावांच्या रॅकेटी पुढे जगभर वापरल्या गेल्या.

हे दोन्ही खेळ त्यांनी प्रौढ वयात शिकावयास घेतले आणि दोहोंत त्यांची गती बेताचीच होती. आपल्या हातून होणाऱ्या चुकांचे कारण काही अंशी साधनाच्या रचनेत आहे, असे त्यांना वाटले व त्या दिशेने त्यांनी शोध घेतला. साधन किती जड आहे यापेक्षा त्याचे वजन कोठे आहे आणि ते पीळ कितपत सहन करते, या प्रश्नांना क्रीडासाहित्याच्या निर्मितीत आज जे महत्त्व आहे, त्यात हेड यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे.

शिक्षण व सुरुवातीचा काळ

हेड यांनी हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण घेतले. लेखक व्हावे अशी त्यांची प्रारंभी इच्छा होती. परंतु पुढे ते अभियांत्रिकीकडे वळले व १९३६ मध्ये पदवीधर झाले. पदवीनंतरही लेखनाची ओढ कायम होती. वृत्तचित्रे व वृत्तपत्रे या क्षेत्रांत त्यांनी काही नोकऱ्या केल्या, पण त्या टिकल्या नाहीत.

याच सुमारास त्यांनी एक कलचाचणी दिली. वस्तूची रचना डोळ्यांसमोर उभी करण्याची त्यांची शक्ती असाधारण असल्याचे तीत आढळून आले. शब्दांच्या क्षेत्रात अपयश पदरी पडत असताना या निष्कर्षाने त्यांच्या आयुष्याला निराळी दिशा दिली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते बाल्टिमोर येथील ग्लेन एल. मार्टिन या विमाननिर्मिती कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांनी प्रथम पत्रे रिव्हेटने जोडणाऱ्या कामगाराचे काम केले व नंतर ते अभियंता म्हणून काम करू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानबांधणीचा अनुभव त्यांना येथेच मिळाला.

त्या काळी विमानांच्या बांधणीत एक नवी पद्धत रूढ होत होती. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये हलक्या पदार्थाचा गाभा घालून तिन्ही थर डिंकासारख्या चिकट द्रव्याने एकजीव केले जात. असा फलक वजनाला हलका, पण वाकण्यास व पिळवटण्यास अतिशय कठीण असतो. या पद्धतीचा हेड यांना पुढे फार उपयोग झाला.

धातूच्या स्कीचा शोध

१९४७ मध्ये हेड अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातील स्टो या गावी बर्फावरील घसरणीचा खेळ शिकण्यासाठी गेले. या खेळात दोन्ही पायांना बांधावयाच्या लांब, अरुंद पट्ट्यांना स्की म्हणतात. त्या काळी त्या मुख्यतः हिकरी या कठीण लाकडाच्या असत. लाकडी स्की जड असून त्यांवर ताबा ठेवणे नवशिक्याला अवघड जाई. विमानात लाकडाची जागा धातूने केव्हाच घेतली असताना स्की मात्र लाकडाचीच का असावी, असा प्रश्न हेड यांना पडला. लाकडाइतकीच मजबूत, परंतु निम्म्या वजनाची स्की बनविता येईल, असा त्यांचा होरा होता.

१९४८ च्या प्रारंभी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पत्त्यांच्या पोकर या खेळात जिंकलेले सुमारे ६,००० डॉलर हे त्यांचे सुरुवातीचे भांडवल होते. बाल्टिमोरमधील एका लहानशा कार्यशाळेत त्यांनी प्रयोग सुरू केले. थर चिकटविण्यासाठी उष्णता व दाब यांची एकाच वेळी गरज असे. त्यासाठी जुळविलेली स्की हवाबंद पिशवीत घालून आतील हवा काढून घेतली जाई व ती पिशवी मोटारींतून काढलेल्या जुन्या तेलाच्या उकळत्या टाकीत बुडविली जाई.

पहिल्या सहा जोड्या घेऊन ते स्टो येथे गेले. तेथील प्रशिक्षकांनी त्या वाकवून पाहिल्या आणि एकामागून एक सर्व मोडल्या. त्यानंतर हेड सुधारित स्की प्रशिक्षकांकडे पाठवीत, त्या मोडून परत येत, मोडलेली जागा तपासून ते पुन्हा नवी स्की बनवीत. हा क्रम तीन हिवाळे चालला. या अवधीत मूळ कल्पनेत महत्त्वाचे बदल झाले. आतील पोकळ जाळीदार गाभ्याच्या जागी प्लायवुड आले. कठीण बर्फावर पकड मिळावी म्हणून कडांना पोलादी पट्ट्या बसविल्या गेल्या. उघड्या धातूला बर्फ चिकटत असल्याने तळाला प्लास्टिकचा थर देण्यात आला.

या भरींमुळे स्कीचे वजन वाढत गेले. निम्म्या वजनाचे मूळ उद्दिष्ट मागे पडले आणि एक निराळाच गुण पुढे आला. ही स्की लांबीच्या दिशेने लवचीक होती, परंतु पिळली जात नव्हती. वळण घेताना लाकडी स्कीला पीळ बसून तिची कड बर्फावरून सुटे. धातूच्या स्कीची कड मात्र बर्फात टिकून राही. त्यामुळे वळण घेणे पुष्कळ सोपे झाले. १९५० मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील टकरमन रॅव्हिन या तीव्र उताराच्या दरीत क्लिफ टेलर या प्रशिक्षकाने ही स्की वापरून पाहिली व ती यशस्वी ठरली.

हेड स्की कंपनी

'हेड स्टँडर्ड' या नावाने ही स्की विक्रीस आली. तिची किंमत लाकडी स्कीच्या मानाने बरीच जास्त होती, तरीही हौशी लोकांनी तिचे स्वागत केले. मध्यम कौशल्याच्या माणसाला ती चांगल्या खेळाडूसारखी वळणे घेऊ देई. म्हणून तिला गमतीने व काहीशा हेटाळणीने 'फसवी' म्हटले जाई. साधनाने खेळ सोपा करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न हेड यांच्या बाबतीत येथे प्रथम उपस्थित झाला. पुढे टेनिसच्या संदर्भातही तो त्यांना विचारला गेला.

१९६० च्या दशकात हेड यांची कंपनी अमेरिकेतील अग्रगण्य स्कीउत्पादक झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मात्र फायबरग्लासच्या स्की पुढे आल्या आणि शर्यतपटू त्यांकडे वळले. हेड यांनी धातूवरचा विश्वास सोडण्यास वेळ लावला. जुन्या पदार्थाला चिकटून राहणाऱ्या उत्पादकांना ज्यांनी मागे टाकले, त्यांनाच पुढच्या नव्या पदार्थाचे महत्त्व ओळखण्यास विलंब झाला, हा त्यांच्या कारकिर्दीतील एक लक्षणीय विरोधाभास होय.

दशकाच्या अखेरीस कंपनीने टेनिस रॅकेटींच्या निर्मितीत प्रवेश केला. धातूच्या व थरांच्या रचनेच्या या रॅकेटींशी आर्थर ॲश या नामवंत खेळाडूचे नाव जोडले गेले. ॲश यांनी १९७५ ची विंबल्डन स्पर्धा हेड रॅकेट वापरून जिंकली. परंतु तोपर्यंत कंपनी हेड यांच्या मालकीची राहिली नव्हती. १९७० च्या सुमारास त्यांनी ती ए.एम.एफ. या उद्योगसमूहाला विकली होती.

टेनिसकडे वळण

व्यवसायातून मोकळे झाल्यावर हेड यांनी टेनिस शिकण्यास प्रारंभ केला. सरावासाठी त्यांनी चेंडू फेकणारे एक यंत्र विकत घेतले. ते यंत्र न्यू जर्सी राज्यातील प्रिन्सटन येथे रॉबर्ट मॅक्लुअर यांनी स्थापन केलेल्या प्रिन्स या छोट्या कंपनीचे होते. यंत्राचे काम समाधानकारक वाटेना, तेव्हा हेड यांनी त्यात सुधारणा सुचविल्या. पुढे ते त्या कंपनीचे प्रमुख भागधारक व अध्यक्ष झाले.

यंत्र सुधारले, तरी खेळ फारसा सुधारला नाही. चेंडू तारांच्या मध्यभागी लागला की फटका ठीक बसे. परंतु तो थोडा जरी बाजूला लागला तरी रॅकेट मुठीत फिरे व चेंडू भलतीकडे जाई. निष्णात खेळाडू बहुतेक चेंडू मध्यभागीच घेतो. नवशिक्याला ते साधत नाही आणि रॅकेटही त्याला क्षमा करीत नाही. या अडचणीकडे हेड यांनी अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले.

रॅकेटच्या पिळाचा प्रश्न

चेंडू मध्यरेषेपासून दूर लागला की रॅकेट आपल्या लांबीच्या अक्षाभोवती फिरू पाहते. या फिरण्यास रॅकेट जो विरोध करते, तो तिच्या एकूण वजनावर अवलंबून असतोच. पण त्याहून अधिक तो ते वजन अक्षापासून किती दूर आहे यावर अवलंबून असतो. भौतिकशास्त्रात या राशीला निरूढी परिबल म्हणतात. वस्तूचा प्रत्येक कण घेऊन त्याच्या वस्तुमानाला अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणावे व सर्व गुणाकारांची बेरीज करावी, म्हणजे ही राशी मिळते. यातील 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा आहे. वजन दुप्पट केल्यास विरोध दुप्पट होतो. अंतर दुप्पट केल्यास तो चौपट होतो.

हेड यांनी प्रथम चौकटीच्या दोन्ही कडांना जादा वजन जोडून पाहिले. तत्त्वतः हा उपाय योग्य होता, पण त्यातून त्यांना हवे तसे साधन मिळाले नाही. बाहेरून लादलेल्या वजनाने पीळ कमी होतो, मात्र रॅकेट जड होते व चौकटीवरचा ताणही वाढतो. नवशिक्याला सुलभ ठरावयाच्या साधनाला हे मानवणारे नव्हते.

त्यानंतर त्यांनी सूत्रातील दुसऱ्या घटकाचा विचार केला. वजन न वाढविता अंतर वाढवावयाचे, म्हणजेच रॅकेट रुंद करावयाची, अशी ही कल्पना होती. रुंदी एक-पंचमांशाने वाढविली, तर १.२ चा वर्ग १.४४ येत असल्याने, इतर गोष्टी समान असताना पिळास होणारा विरोध सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. त्या काळच्या टेनिसच्या नियमांत रॅकेटच्या आकारावर कोणतीही मर्यादा नव्हती. अनेक दशके सर्वांनी एकाच मापाची रॅकेट वापरली होती, ती केवळ परंपरेने.

ही परंपरा पडण्यामागे लाकडाच्या मर्यादाही होत्या. ताणलेल्या तारा चौकटीला सतत आत ओढत असतात. लाकडाची चौकट फार रुंद केली, तर ती वाकू नये म्हणून जाड व पर्यायाने जड करावी लागे. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीने ही अडचण दूर झाली. त्यामुळे रॅकेट फारशी जड न करता मोठी करणे शक्य झाले.

पेटंट व प्रिन्स रॅकेट

हेड यांनी १९७४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व २८ डिसेंबर १९७६ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. तारांचे क्षेत्रफळ ८५ ते १३० चौरस इंच असलेल्या रॅकेटी त्याच्या कक्षेत येत होत्या. प्रचलित लाकडी रॅकेटीचे क्षेत्रफळ साधारणपणे ७० चौरस इंचांच्या आसपास असे. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या 'प्रिन्स क्लासिक' रॅकेटीचे क्षेत्रफळ मात्र ११० चौरस इंच, म्हणजे सुमारे ७१० चौरस सेंटिमीटर होते.

या रचनेत रॅकेटची एकूण लांबी न वाढविता तारांचा भाग मुठीच्या दिशेने खाली वाढविला होता. चेंडूला भरपूर वेग देणारी व हाताला कमी हादरा देणारी जागा, जिला खेळाडू 'स्वीट स्पॉट' म्हणतात, ती जुन्या रॅकेटीत तारांच्या मध्यापेक्षा बरीच खाली येत असे. नव्या रचनेत ती तारांच्या मध्याजवळ आली व विस्तारलीही. म्हणजे रुंदीमुळे पीळ कमी झाला आणि लांबट जाळ्यामुळे चांगल्या फटक्याचे क्षेत्र वाढले. हे दोन लाभ परस्परांपासून वेगळे आहेत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

स्वागत व आक्षेप

नव्या रॅकेटचे आरंभी हसे झाले. तिचा आकार व गळ्याचा हिरवा प्लास्टिकचा तुकडा यांमुळे ती खेळण्यासारखी दिसे. व्यावसायिक खेळाडूंनी तिच्याकडे पाठ फिरविली; परंतु हौशी, वयस्कर व नव्याने शिकणाऱ्या खेळाडूंना ती आवडली.

१९७८ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत चित्र पालटू लागले. सोळा वर्षांच्या पॅम श्रायव्हर यांनी प्रिन्सची मोठी रॅकेट घेऊन उपान्त्य सामन्यात मार्टिना नवरातिलोव्हा यांचा पराभव केला व अंतिम फेरी गाठली. अंतिम सामन्यात त्या क्रिस एव्हर्ट यांच्याकडून पराभूत झाल्या. मात्र ही रॅकेट केवळ नवशिक्यांची नाही, हे त्या स्पर्धेने दाखवून दिले. पुढील काही वर्षांत बहुतेक उत्पादकांनी मोठ्या किंवा मध्यम आकाराच्या चौकटी स्वीकारल्या. हेड यांच्या पेटंटची कक्षा विस्तृत असल्याने प्रतिस्पर्ध्यांना आकार ठरविताना त्याचा विचार करणे भाग पडे. १९८० च्या दशकात उच्च पातळीवरील टेनिसमधून लाकडी रॅकेट जवळजवळ नाहीशी झाली. फ्रान्सचे यानिक नोआ यांनी १९८३ मध्ये जिंकलेली फ्रेंच खुली स्पर्धा हे पुरुष एकेरीतील लाकडी रॅकेटीचे शेवटचे मोठे यश मानले जाते.

रॅकेट म्हणजे काय, याची व्याख्या टेनिसच्या नियमांत १९७८ मध्ये प्रथम आली. तिचे तात्कालिक कारण हेड यांची रॅकेट नव्हे, तर दुहेरी तारांची एक वादग्रस्त विणकाम पद्धत हे होते. आकाराच्या मर्यादा त्यानंतर ठरल्या. आजच्या नियमांनुसार रॅकेटची लांबी २९ इंच व रुंदी १२.५ इंच यांपेक्षा अधिक असता कामा नये. तारांचे क्षेत्र जास्तीत जास्त १५.५ इंच लांब व ११.५ इंच रुंद असू शकते. वजनावर मात्र नियमांनी कोणतीही मर्यादा घातलेली नाही. म्हणून वजन व तोल यांत आपल्या पसंतीने बदल करण्याची मुभा खेळाडूला आजही आहे.

वजन, तोल व पीळ : दोन रॅकेटी जुळविणे

हेड यांनी सोडून दिलेला कडांना वजन जोडण्याचा उपाय नंतरच्या काळात निराळ्या हेतूने सर्रास वापरला जाऊ लागला. व्यावसायिक खेळाडू सामन्यात अनेक रॅकेटी जवळ बाळगतो आणि तार तुटल्यावर हाती येणारी दुसरी रॅकेट पहिलीसारखीच वागावी, अशी त्याची अपेक्षा असते. एकाच नमुन्याच्या दोन रॅकेटींतही काही ग्रॅमचा फरक असू शकतो. तो दूर करण्यासाठी चौकटीवर शिशाची पातळ चिकटपट्टी लावतात किंवा मुठीच्या पोकळीत वजन भरतात. पीट सॅम्प्रस ८५ चौरस इंचांची तुलनेने लहान रॅकेट शिशाच्या पट्ट्यांनी जड करून खेळत. हेड यांनी रुंदीच्या साहाय्याने जे स्थैर्य मिळविले, ते बलवान खेळाडूंना वजनाच्या साहाय्यानेही मिळविता येते, हे यावरून दिसते.

दोन रॅकेटी जुळविताना चार राशी पाहाव्या लागतात : एकूण वजन, तोल, फिरविताना जाणवणारे वजन आणि पिळास होणारा विरोध. तोल म्हणजे मुठीच्या टोकापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. रॅकेट एखाद्या पातळ कडेवर आडवी ठेवून ती जेथे स्थिर राहते, ती जागा मोजल्यास हे अंतर मिळते. तिसऱ्या राशीला खेळाडू 'स्विंगवेट' म्हणतात. मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर असलेल्या आडव्या अक्षाभोवतीचे निरूढी परिबल म्हणजे स्विंगवेट. हातोडा दांड्याच्या टोकाशी धरून फिरविला तर जड वाटतो. तोच लोखंडी भागाशी धरून फिरविला तर हलका वाटतो. हातोड्याचे वजन दोन्ही वेळा सारखेच असते. ही राशी समजण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

समजा, 'अ' रॅकेटचे वजन ३१० ग्रॅम व तोल ३२.५ सेंटिमीटर आहे, तर 'ब' रॅकेटचे वजन ३०० ग्रॅम व तोल ३२ सेंटिमीटर आहे. 'ब' ही 'अ'सारखी करावयाची आहे. वजन व तोल यांचा गुणाकार 'अ'च्या बाबतीत १०,०७५ आणि 'ब'च्या बाबतीत ९,६०० येतो. फरक ४७५ आहे व वाढवावयाचे वजन १० ग्रॅम आहे. ४७५ ला १० ने भागल्यास ४७.५ येतात. म्हणून मुठीच्या टोकापासून ४७.५ सेंटिमीटर अंतरावर चौकटीच्या दोन्ही कडांना प्रत्येकी ५ ग्रॅम शिसे लावले, की वजन व तोल दोन्ही जुळतात.

तथापि हाच तोल दुसऱ्या मार्गानेही साधता येतो. ५ ग्रॅम शिसे रॅकेटच्या शेंड्याजवळ ६८ सेंटिमीटरवर आणि ५ ग्रॅम दांड्यावर २७ सेंटिमीटरवर लावल्यास बेरीज पुन्हा ४७५ च येते. तराजू व तोल या दोन्ही कसोट्यांवर दोन्ही मांडण्या समान ठरतात. परंतु स्विंगवेट पाहिले, तर पहिल्या मांडणीने ते सुमारे १४.१ आणि दुसऱ्या मांडणीने सुमारे १८.३ किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटरने वाढते. पिळाच्या बाबतीतही दोन्ही मांडण्यांत भेद आहे. पहिल्या मांडणीत शिसे लांबीच्या अक्षापासून सुमारे १२ सेंटिमीटर दूर असल्याने पिळास होणारा विरोध सुमारे १.४ एककांनी वाढतो. दुसऱ्या मांडणीत शिसे जवळजवळ अक्षावरच असल्याने तो नाममात्र वाढतो. म्हणजेच केवळ वजन व तोल जुळल्याने दोन रॅकेटी एकसारख्या होत नाहीत.

शिसे लावून वजन वाढविता येते, पण मूळ चौकटीतून ते काढून टाकता येत नाही. त्यामुळे जुळणी करताना संचातील सर्वांत जड रॅकेट प्रमाण मानून इतर रॅकेटी तिच्याशी जुळविणे सोयीचे असते. तारा, मुठीवरील वेष्टन व तारांवर बसविलेली रबरी गुंडी यांचेही वजन असते. म्हणून सर्व रॅकेटींना ही साधने एकसारखी बसवून मगच मोजमाप करतात.

उत्तरायुष्य

हेड यांनी कंपनी विकली, तरी रॅकेटींवरील 'हेड' हे नाव कायम राहिले. परिणामी प्रिन्सचे अध्यक्ष या नात्याने त्यांना बाजारात स्वतःच्याच नावाच्या रॅकेटींशी स्पर्धा करावी लागली. १९८२ मध्ये प्रिन्स कंपनी चेझब्रो-पाँड्स या उद्योगसमूहाला विकण्यात आली व हेड दुसऱ्यांदा व्यवसायातून निवृत्त झाले.

बाल्टिमोरमधील सांस्कृतिक संस्थांना त्यांनी साहाय्य केले. कोलोरॅडो राज्यातील व्हेल येथील क्रीडावैद्यक केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांची टिपणे, आराखडे व पत्रव्यवहार वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात जतन केलेले आहेत. ३ मार्च १९९१ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कार्याचे महत्त्व

हेड यांच्या दोन्ही शोधांत एक समान सूत्र आढळते. स्कीच्या बाबतीत त्यांनी हलकेपणाचा ध्यास घेऊन प्रारंभ केला आणि अखेरीस पीळ न बसणारी रचना हाती आली. रॅकेटच्या बाबतीत मात्र प्रश्न पिळाचा आहे, हे त्यांनी आरंभीच ओळखले. वजन किती, या प्रश्नाऐवजी वजन कोठे, हा प्रश्न विचारल्याने उत्तर सापडले. शिशाची पट्टी लावून रॅकेट जुळविणारा आजचा कारागीरही हाच प्रश्न सोडवीत असतो.

त्यांच्या साधनांनी खेळातील कौशल्याचे मोल कमी केले, असा आक्षेप घेतला गेला. मोठ्या चौकटीनंतर टेनिसमधील फटक्यांचा वेग व चेंडूची फिरकी वाढली आणि जुन्या शैलीचा संथ, नजाकतदार खेळ मागे पडला, हे खरे आहे. त्याचबरोबर, ज्यांना पूर्वी चेंडू जाळ्यापलीकडे नेणेही जमत नसे, अशा असंख्य सामान्य खेळाडूंना या रॅकेटीने मैदानावर टिकवून ठेवले, हेही तितकेच खरे आहे. हेड स्वतः याच दुसऱ्या वर्गातील होते.